किल्लीवाली बाई

१

दारावरची घंटा वाजली तेव्हा मी चहाचा दुसरा कप विसळत होते. तो कप कुणी वापरलेला नव्हता. ताई गेल्यापासून मी रोज दोन कप काढते आणि रोज स्वतःवरच चिडते. अशा चिडलेल्या वेळी दार उघडलं, तर समोर नगराध्यक्ष. कपाळावर घाम, हातात रुमाल, पण घाम पुसायची शुद्ध नाही.

"फौजदारबाई, चित्र गेलं."

"कुठं गेलं?"

"ते कळलं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

मी पोलिसातून निवृत्त झाले, तरी गावानं 'फौजदारबाई' काही सोडलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. घरात हाक मारणारं कुणी उरलं नाही की बाहेरची हाकही गोड लागते.

"पोलिसात जा," मी म्हटलं.

"म्हणजे उद्या वर्तमानपत्रात! समारंभ तोंडावर आलाय. तुम्ही गुपचूप बघा."

कुठलं चित्र, हे विचारायची गरज नव्हती. फार पूर्वी गावात मोठा दुष्काळ पडला. सरदाराचं कोठार धान्यानं भरलेलं आणि दाराबाहेर माणसं उपाशी. तेव्हा ते कोठार सांभाळणाऱ्या कोठारवाल्याच्या बायकोनं नवऱ्याच्या उशाखालची किल्ली काढली आणि दार उघडून दिलं. इतिहासात तिचं नाव नाही, 'कोठारवाल्याची बायको' एवढंच आहे. या प्रसंगाचं भिंतीएवढं चित्र नगरपालिकेनं काढवून घेतलं होतं, ते हुन्नरमास्तरांकडून. दुसरं कोण काढणार? दुकानांच्या पाट्या, पुतळे, नाटकांचे पडदे, मुखवटे, टोप, सगळं मास्तर करायचे. वेळ पडली तर पेटीही वाजवायचे. नावच पडलं होतं हुन्नरमास्तर.

खरी गोम पुढेच होती. चित्रातल्या त्या किल्लीवाल्या बाईला मास्तरांनी आपल्या गेलेल्या बायकोचा चेहरा दिला होता. मास्तरांकडे तिचा एकही फोटो नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि अध्यक्षांचं म्हणणं असं की ती बाई त्यांच्या घराण्यातली, तेव्हा तिला त्यांच्या आजीचा चेहरा हवा. आजीचा फोटो होता ना त्यांच्याकडे, फ्रेम केलेला.

"बाहेरगावचा चित्रकार आज सकाळी येणार होता ना?" मी विचारलं. "तो चेहरा पुसायला?"

"पुसायला काय म्हणता! सुधारायला."

"मग चोर शोधायला माझ्याकडे कशाला येता? सरळ मास्तरांच्या घरी जा."

"गेलो होतो." अध्यक्षांनी अखेर घाम पुसला. "पण बाई, चित्र नाट्यगृहाच्या फाटकाबाहेर गेलेलं नाही. पहारेकरी पोराबाळांची शपथ घेतोय. आणि आत आम्ही कोपरान् कोपरा शोधला. आतही नाही."

२

मास्तरांनी ते चित्र नाट्यगृहातच काढलं होतं, कारण एवढं कापड मावेल अशी दुसरी जागा गावात नव्हती. प्रयोग बंदच होते. रंगमंचाच्या वरच्या दांड्याला दोरांनी चित्र टांगलेलं असायचं आणि मास्तर शिडीवर.

मी गेले तेव्हा पुढचे दोर नुसतेच लोंबकळत होते. भिंतीला टेकून सोनेरी चौकट उभी होती, रिकामी. रिकाम्या चौकटीकडे बघवत नाही माझ्याच्यानं. मी पाठ फिरवली.

पहारेकरी पाचावर धारण बसल्यासारखा उभा होता. "बाई, फाटक एकच. मी तिथंच. एवढी मोठी गुंडाळी न्यायची म्हटली तरी चार गडी लागतील. उंदीर गेला असता तरी दिसला असता मला."

"काल कोण कोण आलं होतं?"

"सगळे शेवटचं बघायला आले. तो चेहरा आज जाणार म्हणून. आधी त्या नाटकातल्या अक्का, मग सुतार, म्हणजे मास्तरांचा मेहुणा. मास्तर आधीपासून आतच होते. ते सगळ्यांत उशिरा गेले, पहाट व्हायला आली होती. मी काही बोललो नाही. माणूस बायकोचा निरोप घेतोय, त्याला काय घड्याळ दाखवायचं?"

"जाताना हातात काय होतं?"

"नेहमीचंच. ब्रशांची पिशवी आणि बादली."

मी अख्खं नाट्यगृह पालथं घातलं. मेकअपच्या खोल्या, पेट्या, माळा, रंगमंचाखालचा पोकळ भाग. धुळीनं शिंकून शिंकून जीव गेला. रंगमंचाच्या मागच्या बाजूला जुने पडदे टांगलेले होते, तेही पहारेकऱ्याला एकेक खाली सोडायला लावले. राजवाडा आला. मग रस्ता आला, दिव्याच्या खांबासकट. मग जंगल. जंगल सोडताना गड्याचा दम निघाला.

"एवढं काय त्यात?"

"दोर फुगलेत बाई, दमट हवेनं."

तिन्ही पडदे मास्तरांच्याच हातचे. जंगल तर असं, की झाडांतून गारवा येतोय वाटावं. पडद्यांच्या मध्ये काही लपवलंय का, ते बघितलं. काही नव्हतं.

दमून मी प्रेक्षकांतल्या पहिल्या रांगेत बसले. खुर्च्यांवर रंग उडू नये म्हणून मास्तरांनी कापडं टाकली होती. मागच्या रांगांवर जुन्या चादरी, पुढच्या रांगेवर एक लांबलचक जाड कापड, कडक, खळ घातल्यासारखं. बसल्या बसल्या माझं बोट त्या कापडातल्या एका भोकात गेलं. गोल भोक होतं, कडेनं दोऱ्यानं छान शिवलेलं. मी त्यात बोट फिरवत बसले आणि विचार करत राहिले. विचार मात्र काही सुचला नाही.

उठताना रिकाम्या रंगमंचाकडे बघितलं आणि वाटलं, इथं येऊन बसायला बरं आहे. घरापेक्षा इथं निदान खुर्च्या तरी पुष्कळ आहेत.

३

नाटकातल्या अक्का म्हणजे एके काळची गावची नायिका. आता गुडघे गेलेत, पण भुवया अजून कोरलेल्या. मी दारात पाऊल ठेवताच म्हणाल्या, "या, या! संशय आलाय ना माझ्यावर? किती दिवसांनी कुणाला तरी माझा संशय आला!"

"चित्रातली बाई तुम्ही असायला हवं होतं, असं तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात."

"म्हटलंच होतं. किल्ली घेऊन उभं राहायचं म्हणजे अभिनय लागतो. मास्तरांच्या बायकोला काय येत होतं? ती तर कुणी बघायला लागलं की दाराआड जायची. फोटोवाला आला की हिचं काहीतरी उतू गेलेलंच असायचं स्वयंपाकघरात! 'माझा पुढचा दात दिसतो,' म्हणायची. मास्तर म्हणायचे, मी तुझं चित्र काढीन, दात लपवून. ती म्हणायची, उद्या. मग मास्तरांना वेळ नसायचा, तेही म्हणायचे, उद्या." अक्कांनी मान हलवली. "सगळ्या गावाची तोंडं काढली त्या माणसानं, हिचं राहून गेलं."

"काल बघितलंत चित्र?"

"बघितलं. आणि खरं सांगू? रडले. दात लपवला नव्हता त्यांनी. तो दातच इतका गोड काढला होता की काय सांगू. त्या चेहऱ्याला हात लावणाऱ्याचा मी गळा धरला असता. पण चित्र उचलायचं म्हणाल तर बाई, मला साखरेचा डबा उचलवत नाही."

खरंच होतं. उगाच बसवेना म्हणून मी विचारलं, "आठवण येते का रंगमंचाची?"

"येते म्हणजे! अहो, पडदा उघडायच्या आधी जंगलाच्या पडद्यामागं आमची रांग लागायची. वडाच्या ढोलीत एक भोक होतं ना, त्याला डोळा लावून बघायचं, आज गर्दी किती. मास्तरांनी कडा शिवून दिल्या होत्या, फाटू नये म्हणून. आता कुणासाठी बघायचं?"

मी हूं म्हटलं आणि निघाले. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. वय झालं की असं होतं, आणि कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सुताराच्या कारखान्यात लाकडाचा भुसा घोट्यापर्यंत. मेहुणा रंधा मारत होता. मी आले तरी थांबला नाही.

"चौकट तू केलीस?"

"हो."

"मास्तरांशी बोलत नाहीस म्हणे."

"नाही."

"का?"

रंधा थांबला. "माझी बहीण आजारी होती तेव्हा भावजी कुठल्या कुठल्या गावी पडदे रंगवत होते. आले, तेव्हा ती बोलायची बंद झाली होती. तेव्हापासून मीही बंद केलं."

"तरी चौकट केलीस?"

"तिच्यासाठी." त्यानं रंध्यावरचा भुसा फुंकला. "आणि बसलो पण."

"कुठं बसलास?"

"त्यांच्या समोर. त्यांना तिचा कान आठवेना. हनुवटीही आठवेना. माझी तिच्यासारखीच आहे, सगळे म्हणायचे. निरोप पाठवला, या म्हणून. गेलो, बसलो. ते काढत होते, मी भिंतीकडे बघत होतो. एक शब्द नाही बोललो आम्ही." त्यानं आपला कान उगाचच चाचपला. "चित्रातला कान माझा आहे, बाई. चोरलं असतं तर मीच चोरलं असतं. पण मी नेलं असतं तर दार तोडून, दिवसाढवळ्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. मी त्याला मनातल्या यादीतून खोडून टाकलं.

४

उरले मास्तर.

त्यांच्या घरात मुखवटे, मातीचे हात, टोप, अर्धवट पाट्या यांची एवढी दाटी की माणसाला बसायला जागा नाही. सगळीकडे चेहरे. वाण्याचा, डॉक्टरांचा, शाळेतल्या शिपायाचा. माझाही होता एक, खाकी टोपीतला, नाक उगाच मोठं काढलेलं.

"नाक एवढं नाही माझं," मी म्हटलं.

"तेवढंच आहे," मास्तर म्हणाले. एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

मी आडपडदा न ठेवता विचारलं, "चित्र तुम्ही नेलंत?"

"नाही. नाट्यगृहातून मी काही नेलं नाही."

"मग कुठं आहे?"

"मी काही नेलं नाही, फौजदारबाई." पुन्हा तेच. आयुष्यभर मी खोटं बोलणारी माणसं ऐकली आहेत, आणि हा माणूस खोटं बोलत नव्हता. पण खरंही पुरतं सांगत नव्हता.

मी संध्याकाळी अध्यक्षांकडे गेले आणि सरळ म्हटलं, "तुमच्या आजींच्या चेहऱ्याचा हट्ट सोडा. ज्यानं नेलंय त्यानं तो चेहरा वाचवायला नेलंय. तो वाचला की चित्र आपोआप येईल."

ते आधी तणतणले. पण गावात कुजबुज सुरू झाली होती आणि गावाची कुजबुज अध्यक्षांना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी चौकात सगळ्यांसमोर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "चित्र परत करा. शब्द देतो, त्या चेहऱ्याला कुणाचाही हात लागणार नाही." टाळ्या पडल्या. अक्कांनी घराच्या खिडकीतून टाळ्या वाजवल्या म्हणे.

मी घरी येऊन निवांत बसले. म्हटलं, झालं, उद्या मास्तर काहीतरी कारण काढून चित्र हजर करतील.

उद्या आला आणि गेला. परवाही गेला. चित्र काही आलं नाही.

मास्तरांकडे गेले तर ते अंथरुणात. दाढी वाढलेली, दिवस असून खिडकी बंद. "मास्तर, आता कशाची भीती? शब्द दिलाय त्यांनी." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मी काय बोलणार? ताई गेली तेव्हा मला कुणी काही बोललेलं आवडत नव्हतं. मी त्यांची खिडकी उघडली, एवढंच केलं.

खिडकीच्या कट्ट्यावर एक बशी होती. बशीत रंगकामाचा ओला स्पंज. त्याच्या एका कडेला गडद तपकिरी डाग होता, तेलकट, जवसाच्या तेलाच्या वासाचा. स्पंज बशीत कुणी ठेवतं का? बशीवर दुसरी बशी झाकण म्हणून होती, धूळ बसू नये अशी, जरा सरकलेली. मी बघतेय हे मास्तरांनी बघितलं आणि ते पटकन म्हणाले, "त्याला हात लावू नका!"

हात लावला नाही. पण घरी येताना माझी पुरती पंचाईत झाली होती. चेहरा वाचवण्यासाठी मास्तरांनी चित्र लपवलं म्हणावं, तर चेहरा वाचल्यावर त्यांनी ते का आणलं नाही? म्हणजे चोर दुसराच. आणि चोर दुसरा म्हणावं, तर दुसरा कुणी उरलाच नव्हता.

५

ताईचे फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. त्या संध्याकाळी मी ते काढून बसले. लग्नातले, सहलीतले, माझ्या निरोपसमारंभातले. आणि गंमत बघा, एकही ताईसारखा नाही. ताई माझ्यावर चिडली की तिचा डावा गाल किंचित आत जायचा. तो गाल एकाही फोटोत नाही. कॅमेऱ्यासमोर कोण चिडतं? मास्तरांना निदान जमलं होतं. त्यांनी तो दात पकडला होता, सगळ्या गावाला आवडेल असा. तो आता कुठल्या अंधारात गुंडाळून पडला असेल, या विचारानं माझाच जीव कासावीस झाला.

फोटोंवर एक पातळ कागद होता, त्याला भोक पडलेलं. त्या भोकातून ताईचा एक डोळा दिसत होता. मी त्यात बोट घातलं आणि थबकले.

भोक. कडेनं शिवलेलं भोक.

सकाळ झाली तशी नाट्यगृह गाठलं. पहारेकरी चुळा भरत होता. "आज इतक्या लवकर?"

"एक सांग. अध्यक्षांनी शब्द दिला, त्यानंतर मास्तर इथं आले होते का?"

"आले होते ना. दुसऱ्याच दिवशी, उजाडता उजाडता. बादली घेऊन, शीळ घालत. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, काय मास्तर, तर म्हणाले, 'धुवायचंय जरा.' थोड्या वेळानं परत गेले तेव्हा मात्र मी हाक मारली तर ओ दिली नाही. मान खाली. बादली इथंच विसरले."

मी आत गेले. पहिल्या रांगेवरचं ते जाड कापड उलटं केलं. खालच्या बाजूला पानंच पानं, फांद्या, वड. रंग जुना होऊन पोपडे सुटलेले. वडाच्या ढोलीत ते भोक, मास्तरांच्या हातानं शिवलेलं. जंगलाचा पडदा खुर्च्यांवर अंथरलेला होता.

मग वर टांगलंय ते जंगल कुठलं?

मी पहारेकऱ्याला ते खाली सोडायला लावलं. पुन्हा त्याचा दम निघाला. दोर फुगले नव्हते, कापडच जड होतं. वडाची ढोली होती, भोक नव्हतं. मी पानावर बोट घासलं. बोटाला हिरवी भुकटी लागली. नाक जवळ नेलं, तर खडूच्या वासाच्या मागे जवसाचं तेल, तैलरंगात असतं ते.

"बाई, काय झालं?" पहारेकरी घाबरला.

"काही नाही. तू खोटं बोलला नाहीस. फाटकातून काहीच गेलं नाही."

६

मी सगळ्यांना नाट्यगृहात बोलावलं. अध्यक्ष आले, सुतार आला, अक्कांना खुर्चीसकट उचलून आणलं. मास्तरांना मी स्वतः आणलं, दंडाला धरून. ते आले, जंगल खाली सोडलेलं बघितलं, आणि समजले.

"चित्र इथंच आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून आपण सगळे त्याच्यासमोर उभे आहोत. मास्तरांनी त्या रात्री जुना जंगलाचा पडदा काढून खुर्च्यांवर टाकला, त्याच्या जागी दोरांनी ओढून आपलं चित्र चढवलं आणि त्यावर पाण्याच्या रंगानं तेच जंगल रंगवलं. एका रात्रीत राजवाडा उभा करणारा माणूस आहे तो. तैलचित्रावर व्हार्निश असलं की वरचा पाण्याचा रंग ओल्या स्पंजानं निघून जातो, खालचं जसंच्या तसं. म्हणून ते म्हणत होते, मी काही नेलं नाही. अक्का, तुमचं भोक त्यांना नव्या कापडाला पाडता आलं नाही. चित्राला कसं पाडणार?"

"अगं बाई!" अक्का म्हणाल्या.

अध्यक्ष उडालेच. "मग धुवा ना! बघत काय बसलात? शब्द दिलाय मी, धुवा!"

मी म्हटलं, "तेच मला कळत नव्हतं. धोका टळला, मग यांनी का धुतलं नाही? पण यांनी धुवायला घेतलं होतं. शीळ घालत आले होते. आणि आधी काय धुतलं असेल? मी असते तर मीही आधी तिलाच धुतलं असतं." मी मास्तरांकडे वळले. "बशीतला तो स्पंज. तो तपकिरी डाग केसांचा ना?"

मास्तर खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

"सगळ्या चित्राला व्हार्निश मारलं होतं मी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की अक्का पुढं वाकल्या. "माणसं, कोठार, आभाळ, सगळ्याला. फक्त तिच्या तोंडाला नाही. व्हार्निश मारायचं म्हणजे चित्र संपलं. मला तिचं संपवायचं नव्हतं. रोज संध्याकाळी येऊन थोडा रंग लावायचो. गालाला, भुवईला. त्या दिवशीसुद्धा लावला होता. ओला रंग आणि घाईघाईत वरून पाण्याचा रंग फासला. दोन्ही एकमेकांत बसले." त्यांनी तळहात डोळ्यांवर दाबले. "पानाचा कोपरा पुसला, तर तिच्या कानावरचे केस स्पंजाला आले. मी थांबलो. पुन्हा हिरवं लावून टाकलं. खाली ती आहे. पण मी तिला बाहेर आणू शकत नाही. मीच तिला आत कोंडलं."

अध्यक्ष खाकरले. "अहो, एवढंच ना? धुवून टाका. चेहरा गेला तर जाऊ दे, मास्तर परत काढतील. हातखंडा आहे त्यांचा."

"परत?" मास्तरांनी मान वर केली. "ती गेल्यापासून मी काढतोय. घरभर कागद आहेत. एकदा जमलं, अध्यक्ष. एकदाच."

"पण समारंभ..."

इथं माझं डोकं फिरलं. "अध्यक्ष," मी म्हटलं, "चौकात छातीवर हात ठेवून काय म्हणालात? मी ऐकलंय, सगळ्या गावानं ऐकलंय. 'त्या चेहऱ्याला कुणाचाही हात लागणार नाही.' मग लावून दाखवा हात. आत्ता, माझ्यासमोर."

अध्यक्ष एक पाऊल मागं सरकले.

तेवढ्यात सुतार उठला. त्यानं शिडी आणून पडद्यासमोर उभी केली, पहारेकऱ्याकडून बादली घेतली, स्पंज पिळला. मग तो मास्तरांसमोर येऊन उभा राहिला. कितीतरी वर्षांनी तो त्यांच्याशी बोलला.

"भावजी, तोंड कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, तेवढं दाखवा. बाकीचं मी धुतो. माझा हात हलत नाही."

मास्तर उठले. शिडीपाशी जाऊन त्यांनी खडूनं जंगलावर एक गोल काढला, अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाभोवती चादर खोचावी तसा. "कान आत घेतलाय," ते म्हणाले. "तुमचा आहे."

सुतारानं दुपारभर धुतलं. हिरवं पाणी रंगमंचावरून वाहत होतं आणि जंगलातून माणसं बाहेर येत होती. हाडकुळे हात, खोल गेलेले डोळे, कडेवरची पोरं. वाणी होता, डॉक्टर होते, मी होते खाकी टोपीशिवाय, त्याच नाकाची. मग कोठाराचं दार आलं, दाराला लावलेली किल्ली आली, किल्ली धरलेला हात आला. हात घट्ट होता. मास्तर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. हात दिसला तेव्हा त्यांनी माझं मनगट पकडलं. मी ते सोडवून घेतलं नाही.

७

समारंभ झाला. चित्र आता नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर आहे, सोनेरी चौकटीत. सगळी उपाशी माणसं, उघडं दार, आणि मधोमध किल्ली घेतलेली बाई. तिच्या तोंडावर वडाच्या पानांचा एक झुपका. बाहेरगावचा एक जाणकार येऊन बघून गेला. म्हणाला, दोन्ही रंग आता एकजीव झालेत, कधीच वेगळे होणार नाहीत. मास्तरांनी त्याला चहा पाजून पाठवून दिलं.

मास्तर रोज संध्याकाळी तिथं येऊन बसतात. ब्रश आणत नाहीत. मीही बसते कधीकधी, घरी नाही तरी काय आहे? सुतार आला तर दोघांच्या मध्ये बसतो. फार बोलत नाही, पण 'भावजी' म्हणतो.

परवा एका आईबरोबर तिची छोटी मुलगी आली होती. चित्रासमोर उभी राहून तिनं मोठ्यानं विचारलं, "आई, ती बाई पानांमागं का लपलीय?"

आई गोंधळली. मी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी सुताराकडे.

"ती तशीच होती," सुतार म्हणाला. "कुणी बघायला लागलं की आड व्हायची."

मुलीला ते पटलं. तिनं चित्राकडे हात हलवून टाटा केला. मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मी त्या दिवशी घरी येऊन दोन कप काढले आणि चिडले नाही.